घरच्या माणसाला कोण काढतं

मागं क्रांती चौकाजवळच्या एका हॉलात लघुउद्योजकांचा मेळावा झाला. मला तिथं जायची काही गरज नव्हती, पण शेजारीण एकटी जायला लाजत होती म्हणून गेले. व्यासपीठावरचे गृहस्थ हात उंचावून सांगत होते, मोठी कंपनी माणसाला नंबर देते, घरचा धंदा माणसाला नाव देतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारणीनंही वाजवल्या. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले. घरचा धंदा सुटल्यावर वाळूजच्या एका मोठ्या कंपनीत मी पुष्कळ वर्षं काढली आणि तिथं मला खरंच नंबर मिळाला. पण तो निदान माझा होता, दर दिवाळीला पुढं ढकललेला नव्हता.

आमची शेड चिकलठाण्याच्या एमआयडीसीत होती. निजामाविरुद्धच्या पोलिस ॲक्शननंतर आजोबा वैजापूरहून शहरात आले. तिकडं ते कापसाच्या जिनिंगची मशिनं दुरुस्त करायचे. शेती भावकीवर सोडून त्यांनी इथं लोखंड कातायचं एक जुनं लेथ घेतलं आणि त्यांच्या दोन मुलांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी आणि काकांनी, पुढं शेड बांधली. पाटीवर शेवटचा शब्द 'बंधू' असा होता. मी तंत्रनिकेतनात शेवटच्या वर्षाला असताना वडील गेले. तेराव्याच्या पंगतीत काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "त्याच्या जागी आता ही. भागीदारीच्या कागदावर हिचं नाव येणार. येत्या पाडव्याला करून टाकू."

कोणत्या पाडव्याला, हे विचारायचं राहून गेलं. पहिल्या दिवाळीला वर्षश्राद्ध व्हायचं होतं. दुसऱ्या दिवाळीला वकील गावाला गेले. मग चुलतभावाचं लग्न निघालं, मग नवं मशीन, मग काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. अशी नऊ वर्षं गेली. तोवर कंपनीची ड्रॉइंग वाचणं, इंग्रजी पत्रांना उत्तरं देणं आणि तयार मालावर पासची सही करून तो सोडणं, ही तिन्ही कामं माझ्याकडं होती. मी काही थोर नव्हते. मला तो कागद हवा होता. वडिलांच्या नावाची ओळ रिकामी पडली होती आणि तिथं माझं नाव लागावं, एवढी एकच गोष्ट मला आयुष्यात हवी होती असं म्हटलं तरी चालेल.

आम्ही एकाच मोठ्या कंपनीसाठी बुश करायचो. बुश म्हणजे बोटाच्या पेराएवढी पोलादी नळी. दुचाकीच्या ब्रेकच्या पेडलमध्ये ती बसते आणि तिच्या भोकातून पिन जाते. कंपनी मूळची देशीच, पण तिचे परदेशी भागीदार बदलत गेले. आधी जपानी आले, मग जर्मन. वर्षातून एकदा सगळ्या पुरवठादारांना हॉटेलात जेवायला बोलवायचे आणि मागं कापडी फलक लावायचे, 'आपण सारे एक परिवार'. काकांना तिथं एकदा शाल मिळाली. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या परिवारातून फोन आला, पाच वाजेपर्यंत माल आला नाही तर काम दुसऱ्याला देऊ. काका शाल घडी घालून ठेवत म्हणाले, "धाकट्या जावंसारखं वागवत्यात."

जपानी सल्लागार आमच्या शेडमध्ये आला तेव्हा त्यानं खडूनं जमिनीवर एक गोल काढला आणि चुलतभावाला त्यात उभं केलं. इथून हलायचं नाही, नुसतं बघायचं. दोन तासांनी विचारलं, काय दिसलं? चुलतभाऊ म्हणाला, काही नाही. पुन्हा दोन तास उभा. आमचे कामगार तोंडावर रुमाल धरून हसत होते आणि मीही हसले, खोटं कशाला बोलू. जेवताना त्या जपानी माणसानं दुभाष्याकडून सांगितलं की, त्याचं आडनाव त्याच्या बायकोच्या घरचं आहे. सासऱ्याला मुलगे होते, पण धंदा सांभाळायची अक्कल जावयात दिसली म्हणून सासऱ्यानं त्यालाच दत्तक घेतलं. काका खूश झाले. "बघ, तिथं बी घरातच राह्यलं," ते मला म्हणाले. "तुला बी बघू एखादा लेथवरचा चांगला टर्नर." पंगतीत मोठा हशा पिकला. त्या घरातसुद्धा मुलीला कुणी विचारलं नव्हतं, हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

जर्मन पाहुणा वयस्कर होता, कंपनीतला मोठा साहेब. त्याला अजिंठा दाखवायला मला पाठवलं, कारण इंग्रजी येणारी घरात मी एकटी. लेणी बघून आम्ही फर्दापूरला जेवायला थांबलो. भाकरी तोडता तोडता तो म्हणाला, त्याच्याही वडिलांचं छोटं वर्कशॉप होतं, दाराच्या कड्या बनवायचे. वारस ठरवायची वेळ आली तेव्हा वडिलांनी त्याला आणि त्याच्या बहिणीला एकेक कडी बनवायला सांगितली. बहिणीची कडी आवाज न करता बसली. वर्कशॉप बहिणीला मिळालं आणि हा रुसून मोठ्या कंपनीत नोकरीला लागला. "ती माझ्यापेक्षा चांगली होती," तो म्हणाला. मी त्याला पाणी हवं का म्हणून विचारलं.

घरी येऊन मी ही गोष्ट काकांना सांगितली. मुद्दाम सांगितली. काकांनी आधी विचारलं, "बहीण? तिचं लगीन नव्हतं झालं का?" झालं होतं, मी म्हणाले. काका जरा वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "त्यांच्यात दुकान असतंय, आपल्यात घर असतंय. दुकान कुणाला बी देता येतं." त्यावरचं उत्तर मला आज सुचतं, पण ऐकायला काका नाहीत.

त्या वर्षी कंपनीचं एक छापील पत्र आलं: सगळ्या पुरवठादारांनी भागीदारीचा चालू कागद दिवाळीपर्यंत सादर करावा. आमच्या कागदावर अजून वडिलांचं नाव होतं. आता टाळायला जागा उरली नाही. काकांनी वकिलाकडून नवा मसुदा टाइप करून घेतला आणि त्यात वडिलांच्या ठिकाणी माझं नाव आलं. घराला नऊ वर्षांत जे जमलं नाही ते कंपनीच्या एका पत्रानं झालं. मी तो मसुदा चार वेळा वाचला. पाडव्याला सह्या करायच्या ठरल्या.

मधे दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. लेथला झेंडूची माळ, टेबलावर पाट, पाटावर लाल कापड आणि त्यावर पाने, हातोडे, कॅलिपर. त्यांना हळदकुंकू लावायचं आणि दसरा पार पडेपर्यंत हलवायचं नाही. काकांनी त्या वर्षी कंपनीचं गेजही पाटावर ठेवलं. गेज म्हणजे करंगळीएवढा पोलादी दांडा. त्याचं एक टोक बुशच्या भोकात जायलाच पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. त्यावरून माल पास की नापास ते ठरतं. कंपनीनं ते मखमलीच्या डबीत घालून दिलं होतं.

"काका, ते डबीतच राहू द्या," मी म्हणाले. "त्याला ओला हातसुद्धा चालत नाही."

"तेच तर खरं हत्यार हाय," काका म्हणाले. "आख्खी शेड त्याच्यावर चालती. आणि त्यालाच देवापासून लांब ठिवू? व्हय गं?"

त्यांनी ओलं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. दोन दिवस ते तसंच पडून होतं. तिसऱ्या दिवशी शेड उघडली तर जिथं कुंकू होतं तिथं तपकिरी डाग पडलेला. तेव्हा मी बँकेत गेले होते. परत आले तेव्हा काका स्टुलावर बसून बारीक पॉलिश पेपर आणि तेल घेऊन गेज घासत होते, पोराला न्हाऊ घालावं तशा मायेनं. गेज नव्यासारखं चकचकीत झालं होतं. नव्याहून जास्तच.

मला कळलं होतं. इथं मी स्वतःलाही सोडणार नाही. तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाला शिकवतात, गेजला पॉलिश पेपर लावायचा नाही. घासलं की पोलाद झिजतं, केसाच्या जाडीचा कितवातरी भाग, पण झिजतं. टोक बारीक झालं की अरुंद भोकातही ते सुळकन जाणार आणि नापास माल पास होणार. ते तपासायला कंपनीत पाठवायचं तर कारण लिहावं लागलं असतं आणि कारण होते काका. पाडवा वीस दिवसांवर होता. मी गेज डबीत ठेवलं आणि गप्प बसले.

मालाच्या तपासणीच्या टेबलावर चाचा बसायचे. आमचे जुने कामगार, वडिलांच्या हाताखाली तयार झालेले, तीस वर्षांपासून आमच्याकडं. त्यांनी त्या गेजनं पेटीच्या पेट्या तपासल्या आणि मी नेहमीसारखी सही करून त्या सोडल्या. पाचव्या दिवशी कंपनीतून फोन आला. बुशमध्ये पिन जात नव्हती. गाड्या जोडायची सगळी लाइन बंद पडली होती, माणसं हात बांधून उभी होती आणि आम्हाला ताबडतोब बोलावलं होतं.

कंपनीतले गुणवत्ता अधिकारी मोठ्या सभ्यतेनं बोलले. त्यांनी गेज ठेवून घेतलं आणि मला एक फॉर्म दिला. "आम्ही माणसाला दोष देत नाही, मॅडम. पद्धतीत दोष शोधतो." फॉर्ममध्ये पाच वेळा 'का?' विचारलं होतं. लाइन का थांबली? पिन गेली नाही. का? भोक अरुंद. का? गेज झिजलेलं. का? पाचव्या 'का'च्या खाली ठळक अक्षरात रकाना होता: जबाबदार व्यक्तीचं नाव. एकच ओळ. पद्धतीचं नाव त्यात मावणार नव्हतं.

त्या दिवशी दुपारी शेडच्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो. काका, चुलतभाऊ आणि मी. फॉर्म टेबलावर. काका त्याच्याकडं बघतही नव्हते.

"चाचांचं नाव टाक," चुलतभाऊ मला म्हणाला. "तपासणीला तेच व्हते."

"चाचांनी गेज घासलं का?" मी विचारलं.

गेज कुणी घासलं ते तिघांनाही माहीत होतं. पण आमच्या घरात वडीलधाऱ्याची चूक हा शब्दच नाही. वडीलधाऱ्याच्या हातून 'झालं' असतं, त्यांनी 'केलं' कधीच नसतं.

काका शेवटी म्हणाले, "चाचाचं नाव गेलं तर कंपनी म्हणंल काढून टाका. म्हाताऱ्या माणसाला कुठं हाकलू? माझं नाव गेलं तर मी त्या हॉटेलातल्या जेवणाला कसा जाऊ?" मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुझं टाक, पोरी. तू घरची. घरच्या माणसाला कोण काढतंय?"

मी काचेतून बाहेर पाहिलं. चाचा टेबलापाशी बसले होते. हातात गेज नव्हतं, समोर माल नव्हता, तरी बसले होते. त्यांना सगळं कळलं असणार. मी उठून बाहेर गेले आणि त्यांना म्हणाले, "चाचा, तुमचं नाव जाणार नाही."

"बेटी, मेरेकू तो कुछ मालूमच नहीं था," ते म्हणाले. "जैसा गेज दिये, वैसा देखा मैं."

"माहीत आहे," मी म्हणाले.

आत येऊन मी रकान्यात माझं नाव लिहिलं. ते अगदीच खोटं नव्हतं, असं मी मनाला समजावलं. मी गप्प बसले होते ना. आणि काकांच्या त्या वाक्यावर माझा विश्वास बसला होता. एवढी शिकलेली बाई मी, आणि विश्वास बसला.

आठवड्याभरात कंपनीचं उत्तर आलं. जबाबदार व्यक्तीला गुणवत्तेच्या कामातून दूर करून तसं लेखी कळवावं. पत्रावर सही त्या सभ्य अधिकाऱ्याची. काकांनी चष्मा लावून मला पत्र दोनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी वाचलं नाही.

"आता कंपनीनंच लिवलंय म्हटल्यावर," काका म्हणाले, "माझा काय इलाज हाय?"

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चुलतभाऊ बसला होता. ज्याला चार तास गोलात उभं राहून काही दिसलं नव्हतं, तो आता माल पास करणार होता. मला सांगितलं, तू घरी बसून इंग्रजी पत्रं बघ. पत्रं पोचवायला कुणीतरी येईल.

मी रिक्षा करून थेट कंपनीत गेले. अधिकाऱ्यांनी चहा मागवला. मी सगळं सांगितलं, पूजा, कुंकू, पॉलिश पेपर, काका. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मला कल्पना होती. गेजच्या मधल्या खाचांत अजून कुंकू होतं. तुम्ही गेजला कुंकू लावणाऱ्यांतल्या वाटला नाहीत."

"मग पत्र का पाठवलंत?"

"फॉर्मवर तुमचं नाव होतं. फॉर्म बंद झालाय. उघडायचा म्हटलं तर सगळं पुन्हा, तुमच्या काकांना बोलवावं लागेल, वर कळवावं लागेल. तुमच्या घरातला मामला आहे. घरातच मिटवा ना."

मी चहा प्याले नाही. कप बशीवर इतक्या जोरात ठेवला की बशीला चीर गेली, आणि त्यांनी ती बशी माझ्यादेखत शिपायाला देऊन दुसरी आणायला सांगितली. बाहेर फाटकावर सुरक्षारक्षकानं पासावर वेळ टाकायला लावली. मला त्या दिवशी दोन्ही घरं सारखीच वाटली. एकाकडं छापील कागद होते आणि एकाकडं मोठ्यांचा मान होता. बाकी नाव कुणाचं टाकायचं हे दोघांनाही लगेच कळलं होतं.

पाडव्याला सकाळी काकांनी मला शेडमध्ये बोलावलं. वकील आले होते. नवा कागद टाइप होऊन आला होता. वडिलांच्या ठिकाणी चुलतभावाचं नाव होतं. मी कागद हातात घेतला तर जुन्या मसुद्यातल्या चुकासुद्धा तशाच होत्या, फक्त माझं नाव तेवढं गेलं होतं.

"हे काय, काका?"

"अगं, कंपनीच्या फायलीत तुझं नाव त्या रकान्यात हाय," काका म्हणाले. आवाज चढवला नाही. माझी समजूत घालत असल्यासारखं बोलत होते. "भागीदार म्हणून पुन्हा तेच नाव गेलं तर ते काय म्हणतील? शेड बंद पडंल. वीस घरांच्या चुली हायेत हिच्यावर. तुझ्या बापानं बी हेच केलं असतं."

"वडिलांना मधे आणू नका."

"बरं, नाय आणत. पण तू घरचीच हैस की. तुला काय कमी पडू दिलं का आम्ही?" त्यांनी पेन माझ्यापुढं केलं. "दोन साक्षीदार लागत्यात. एक वकिलाचा माणूस हाय. दुसरी सही तू कर."

मी पेन घेतलं नाही. ते टेबलावरून घरंगळून खाली पडलं आणि वकिलानं वाकून उचललं. मी तोंडाला येईल ते बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. नऊ वर्षं, नालायक आणि नरकात जाल, एवढं नक्की आठवतं. चुलतभाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. मी दमेपर्यंत काका थांबले. मग त्यांनी काचेवर टकटक केली.

"चाचा, जरा आत या."

चाचा सणाचा नवा सदरा घालून आले होते. त्यांनी रुमालानं हात पुसले, खिशातून चष्मा काढला. कागद वाचता येण्याइतकं मराठी त्यांना येत होतं. त्यांनी तो वाचला, मी ते ओळीवरून सरकणारं बोट पाहिलं. चुलतभावाच्या नावावर ते बोट थांबलं. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. एकदा माझ्याकडं तरी बघतील.

"किधर करना?" त्यांनी काकांना विचारलं.

काकांनी जागा दाखवली. चाचांनी उर्दूत, उजवीकडून डावीकडं, सावकाश सही केली आणि पेनाचं टोपण लावून पेन परत दिलं. तीन वर्षांनी ते त्याच शेडमधून हार घालून निवृत्त झाले. काकांनी त्यांना शाल दिली. मला कुणी विचारलं तर मी सांगते, त्यांचा काय दोष, पोटासाठी माणूस काय करत नाही. पण खरं विचाराल तर काकांचा राग माझ्या मनातून केव्हाच गेला. चाचांचा गेलेला नाही.